खांदमळणी

तान्ह्या पोळ्याच्या दुपारी घरची बैठक बसवायची, ही कल्पना वासुदेवरावांचीच. मोठा पोळा आदल्या दिवशी झाला होता. बैल पुरणपोळी खाऊन गोठ्यात सुस्तावले होते आणि घरातले पुरुषही त्यांच्याइतकेच. सणासुदीला सून तोंड वर करून बोलत नाही, परक्या माणसासमोर तर नाहीच, हे कोकिळेच्या या थोरल्या दिरांनी नीट हेरलं होतं आणि वर शाळेच्या गुरुजींना जेवायला बोलावून ठेवलं होतं. कोकिळा चुलीपुढे वडे तळत होती. गुरुजींची सायकल अंगणात लागलेली दिसली तेव्हा तिला सगळा डाव कळला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिची दोन लेकरं, सात वर्षांची जयवंता आणि पाच वर्षांचा हरिदास, गावच्या शाळेत जात नव्हती. जयवंतेला तिनं पौषात शाळेतून काढलं होतं. हरिदासाचं तर नावच घातलं नव्हतं. दोघांना ती घरीच ओसरीवर पोतं अंथरून शिकवी. आता गावात कोणाची लेकरं शाळेत जात नाहीत याची यादी करायला बसलं तर दिवस पुरायचा नाही, पण हे घर शाळा समितीच्या अध्यक्षांचं होतं. सेलूच्या बाजारात माणसं वासुदेवरावांना थांबवून विचारत, अध्यक्षसाहेब, तुमच्याच घरची पोरं शाळेत नाहीत म्हणे? आणि वासुदेवराव घरी येत ते नाकाला मिरच्या झोंबलेले.

कोकिळेचं स्वतःचं शिक्षण बुनियादी शाळेतलं. तिथे टकळी फिरवता फिरवता हिशेब शिकवत आणि भाजीचे वाफे करता करता माती, पाणी, ऊन यांची माहिती होई. तीच रीत तिनं घरी धरली. ज्वारी मापताना बेरीज, वळचणीखालची बादली किती वेळात भरते त्यावरून भागाकार, वर्तमानपत्राच्या मोठ्या मथळ्यांवरून अक्षरओळख. या वर्गात तिसरी एक विद्यार्थिनी होती, घरी वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या सालदार पुनाजीची रुखमा. गोंडाची पोर, जयवंतेच्याच वयाची. घरी गोंडी बोलणारी. ती पाण्याला 'येर' म्हणे म्हणून शाळेत गुरुजींनी तिला उभं करून साऱ्या वर्गाला हसवलं होतं. कोकिळेच्या ओसरीवर मात्र हरिदासही तहान लागली की 'येर' मागायचा.

पण खरं कारण काही वेगळंच होतं, आणि ते कोकिळा व तिचा नवरा मधुकर यांच्याशिवाय घरात कोणाला ठाऊक नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात कापूस फुटला तेव्हा गुरुजींनी 'कार्यानुभवा'चा तास म्हणून सगळी शाळा वावरात नेली. वावर कोणाचं, तर याच घरचं, वासुदेवरावांच्या देखरेखीतलं नाल्याकाठचं. दिवसभर पोरं पऱ्हाटीत वाकून कापूस वेचत होती. दोघं मात्र वाकली नव्हती, जयवंता आणि वासुदेवरावांचा ताराचंद. मालकाघरची लेकरं म्हणून त्यांना बाभळीखाली बसवलं, खायला शेंगा दिल्या आणि हातात एकेक तुराटी, तुरीची वाळकी काडी, दिली. जो कामचुकारपणा करील त्याला हाणायचं. संध्याकाळी जयवंता उड्या मारत घरी आली. आपण मुकादम झाल्याचं, रुखमा मध्येच बसली म्हणून तिच्या खांद्यावर एक ठेवून दिल्याचं तिनं आईला इतक्या आनंदानं सांगितलं, की कोकिळेला क्षणभर कळेचना हे आपलंच मूल की दुसऱ्या कोणाचं.

लेक मार खाऊन आली असती तर कोकिळेनं हळद लावली असती आणि शाळेत जाऊन भांडून आली असती. ही मारून आली होती. आणि आईनं शाबासकी द्यावी म्हणून तिच्या तोंडाकडे पाहत होती.

दुसऱ्या दिवसापासून जयवंतेची शाळा बंद. कोकिळा तर तेव्हाच सगळ्यांसमोर सगळं बोलायला निघाली होती, पण मधुकरनं हात जोडले. शेती एकत्र, चूल एकत्र. दादाच्या वावराचं नाव निघालं की त्याच दिवशी वाटणीचं नाव निघणार आणि म्हाताऱ्या बापाला ते सोसायचं नाही. पोरगी घरी ठेव, तुझ्या मनासारखं शिकव, फक्त कारण सांगू नको, एवढंच तो म्हणत राहिला. कोकिळेनं शब्द दिला. तेव्हापासून घरानं तिला हट्टी म्हटलं, शिष्ट म्हटलं, आणि तिनं ते ऐकून घेतलं. आठ महिने ऐकून घेतलं, आणि त्यातला एकेक शब्द तिच्या लक्षात होता.

जेवणं आटोपली. पुरुष ओसरीवर बसले, बायका माजघराच्या दारात. मधल्या चौकटीवर पोळ्याला दारोदार लावतात ती मेढ्याची पळसाची डहाळी खोचलेली होती, तिची पानं सारखी कोकिळेच्या केसांना लागत होती. कोकिळा बाजूला सरकली नाही.

वासुदेवराव धाकट्या भावजयीशी सरळ बोलत नसत. ती त्या घरची रीतच होती. ते मधुकरकडे पाहून बोलायचे आणि मधुकरनं ते शब्द बायकोकडे वळवायचे, जणू काही ती मधल्या भिंतीपलीकडे बहिरी बसली आहे. त्यांनी सुरुवात तशीच केली. शिक्षण खात्याचे साहेब येत्या महिन्यात यायचे आहेत, पटावर घरचीच नावं नसतील तर अध्यक्षानं काय तोंड दाखवायचं? आणि पुढे काय? सातवीच्या परीक्षेला यांना कोण बसू देणार? मग सूर जरा खाली आणून ते म्हणाले, "मधुकर, तिले इचार. तिच्या बुनियादीच्या कागदाले तरी कॉलेजात कोनी इचारलं होतं काय?"

हा घाव वर्मी बसला, कारण तो खरा होता. कोकिळेच्या वडिलांनी दोन वर्षं उंबरे झिजवले होते आणि शेवटी लग्न लावून दिलं होतं. मधुकरनं प्रश्न पुढे ढकलला नाही, एवढीच त्याची मर्दुमकी.

आनंदाआत्याबाईंवर कोकिळेची भिस्त होती. सासऱ्यांची, अण्णाजींची ही धाकटी बहीण, तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. जयवंता रोज दुपारी तिला वर्तमानपत्र वाचून दाखवी आणि म्हातारी सगळ्या आळीला सांगत फिरे की माझी नात वकिलासारखी वाचते. आज मात्र आत्याबाईंनी पक्ष बदलला होता. कोणी कान भरले ते उघड होतं. पोरीच्या जातीला उद्या सोयरीक पाहायची, शाळेचा दाखला नाही म्हटल्यावर लोक शंका घेतील, असं त्या पदराशी चाळा करत बोलल्या आणि कोकिळेकडे पाहायचं मात्र त्यांनी टाळलं. थोरली जाऊ विमलाबाई काहीच बोलली नाही. ती बोलत नसेच. चौदा वर्षांच्या संसारात तिचं मत कोणी विचारलं नव्हतं आणि तिनं ते कोणाला दिलंही नव्हतं. ती बोजाऱ्याचं ताट भरत होती. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन दारात येणाऱ्या लेकरांना द्यायचा खाऊ, मुरमुऱ्याचे लाडू आणि फुटाणे.

गुरुजींनी मग परीक्षा घ्यायची टूम काढली. लेकरं आत बैल सजवत होती. जयवंतेला हाक मारली. सातचा पाढा म्हण, गुरुजी म्हणाले. पोर सात सक्कं बेचाळीसपर्यंत आली आणि थांबली. तिला सात दाण्यांचे सहा ढीग डोळ्यांसमोर दिसत असणार, सातवा ढीग करायला वेळ हवा होता. गुरुजींनी तो दिला नाही. ते हसले, आणि त्यांच्या हसण्याला वासुदेवरावांनी साथ दिली. जयवंता एकदा आईकडे पाहून आत पळाली. कोकिळेला वाटलं, उठावं आणि त्या माणसाची सायकल विहिरीत टाकून यावी. पाढा पाठ करून घ्यायला काय झालं होतं तुला, असं तिनं स्वतःलाही फटकारलं, आणि त्यानं तिचा संताप दुप्पट झाला.

आता सगळे अण्णाजींकडे पाहू लागले. तिचे सासरे. बेचाळीसच्या चळवळीत आष्टीकडे गेलेले, तुरुंगात राहून आलेले, गावात अजून फक्त त्यांच्याच डोक्यावर रोज पांढरी टोपी. दर दोन ऑक्टोबरला शाळेत भाषण त्यांचंच. हाताला काम, कामातून ज्ञान, पुस्तकी पोपट नकोत, असं ते सांगायचे तेव्हा कोकिळा लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी भारावून गेली होती. आपण योग्य घरी पडलो असं तिला वाटलं होतं. पुढे कळलं, की ते भाषण दुसऱ्यांच्या लेकरांसाठी आहे. त्यांचे स्वतःचे दोघे लेक वर्ध्याला वसतिगृहात राहून शिकले होते आणि दोघांनाही साधी टकळी धरता येत नव्हती.

अण्णाजी सौम्यपणे म्हणाले, "तुहं चुकलं असं नाई म्हनत मी, बाई. पन लोकांत राह्यचं असते. सोमवारपासून दोघं शाळेत जातीन."

सौम्यपणे बोलले, हेच कोकिळेला जास्त लागलं. ओरडले असते तर उलट बोलता आलं असतं. तिनं मधुकरकडे पाहिलं. तो पायाच्या अंगठ्यानं सारवण उकरत होता. सोमवारी जयवंता पुन्हा त्या शाळेत जाईल, कापूस पुन्हा फुटेल, बाभूळ तिथेच आहे आणि तुराट्या वावरात हव्या तेवढ्या आहेत. या वर्षी हरिदासाच्याही हातात एक येईल.

तेवढ्यात अंगणात लेकरांचा घोळका शिरला. दरवर्षी पहिला मान याच घराचा. चाकांवरचे लाकडी बैल, कोणाच्या शिंगांना बेगड, कोणाच्या गळ्यात घुंगरू. रुखमाच्या हातात पुनाजीनं करून दिलेला मातीचा बैल होता, त्याची पाठ ओलीच होती. जयवंता मागच्या दारानं येऊन घोळक्यात मिसळली. आपला बैल तिनं ओट्याखाली ठेवून दिला, गोठ्यात गेली आणि तिथून हळद कालवलेल्या लोण्याची वाटी व एक पळसाचं पान घेऊन आली. ही वाटी परवाच्या खांदमळणीतली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे लोण्या-हळदीनं मळतात आणि त्यांना जेवायचं आवतण देतात, ती खांदमळणी. त्या वेळी जयवंता आईच्या मागे मागे होती. ज्याला मारलं त्याचाही खांदा मळतात का, असं तिनं विचारलं होतं. कोकिळा घाईत होती. मळतात, त्याचा तर आधी, असं म्हणून ती पुढच्या बैलाकडे वळली होती.

जयवंतेनं रुखमाला ओट्याच्या पायरीवर बसवलं. तिच्या झग्याची बाही वर सारली आणि पळसाच्या पानानं खांद्याला लोणी चोळू लागली. रुखमाला गुदगुल्या होत होत्या. जयवंता मात्र गंभीर होती, पुटपुटत होती, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

अण्णाजींनी चष्मा वर केला. "जयवंते, हे काय करून राह्यली?"

"खांदमळनी, आबाजी."

"अवं, ते बैलाची करतेत. मानसाची नाई."

"पन हिनं आपला कापूस येचला ना." जयवंता पान न थांबवता बोलत होती. "मोठ्या बाबाच्या वावरात. साऱ्याइनंच येचला. मी अन् ताराचंददादा मुकादम होतो, गुरुजीनं तुराटी देलती. मी हिले इथंच मारलं होतं."

गुरुजी सुपारी शोधू लागले. मधुकरनं डोळे मिटून घेतले. कोकिळेनं शब्द पाळला होता. तिच्या सात वर्षांच्या लेकीनं मात्र कोणाला कसला शब्द दिलेला नव्हता.

वासुदेवराव सावरले ते लगेच. त्यात लपवण्यासारखं काय आहे, कार्यानुभव तर सरकारनंच सुरू केला, शाळेची पोरं काय पहिल्यांदा वावरात गेली? घरची दोन लहान होती म्हणून सावलीत बसवली. मग त्यांनी आपला हुकमी पत्ता टाकला. "अन् बाबाच तं दरसाल सांगतात. हातानं काम करा म्हनून."

अण्णाजींचा चेहरा कोणी तोंडात मारल्यासारखा झाला. त्यांचेच शब्द, त्यांच्याच लेकाच्या तोंडून, त्यांच्याच वावरासाठी.

कोकिळा उठून उभी राहिली. दीर-भावजयीची जी काय रीत होती ती तिनं त्या उंबऱ्याच्या आत ठेवली आणि सरळ वासुदेवरावांकडे पाहून बोलली.

"काम करा म्हनतात, भाऊजी. काम करून घ्या नाई म्हनत. माही पोरगी पऱ्हाटीत वाकली असती, बोटं सोलून आली असती, तं मी तिले दुसऱ्या दिवशी हात धरून शाळेत सोडलं असतं. तुमी तिले सावलीत बसवलं अन् हातात काडी देली. शाळेनं तिले सात महिन्यांत एकच गोष्ट नीट शिकवली, कोनाले हानायचं. पाढा नाई येत तिले, मी शिकवीन. पन हे जे शिकून आली ते काढाले मले आठ महिने लागले."

आनंदाआत्याबाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. गुरुजी उठले, कोणाचा तरी निरोप आहे असं काहीसं पुटपुटले आणि सायकल हातात धरूनच फाटकाबाहेर गेले.

अण्णाजी न्यायी माणूस होते, गावात त्यांची तशी ख्याती होती, आणि त्यांनी न्याय काढला. कोकिळेनं लेकरांना घरीच शिकवावं, त्यांची ना नाही. साहेब येतील तेव्हा त्यांना काय ते आपण सांगू. कोकिळेचा जीव भांड्यात पडला, पण पुरता पडायच्या आत ते पुढे बोलले.

"फकत आपलीच दोन बसव, बाई. पुनाजीच्या पोरीले वसरीवर नको. सालदाराले उद्या काम सांगावं लागते आपल्याले."

तुरुंगात जाऊन आलेला माणूस हे बोलत होता. कोकिळेला हसू यावं की रडू, कळेना. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर तिनं उत्तर दिलं असतं. त्यांना तिनं एवढंच सांगितलं, "ठीक हाय, मामाजी. मंग आत्ता तिचा खांदा काऊन मळला, अन् उद्यापासून ती काऊन नाई येत, हे जयवंतेले तुमीच समजावून सांगा. मले नाई जमत."

अण्णाजींनी नातीकडे पाहिलं. ती हातात पळसाचं पान घेऊन आजोबा काय सांगतात याची वाट पाहत उभी होती. लोण्याचा ओघळ तिच्या मनगटावर आला होता. अण्णाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

तेव्हा विमलाबाई बोजाऱ्याचं ताट घेऊन बाहेर आली. वाटून आत जाईल असंच सगळ्यांना वाटलं. पहिला लाडू दरवर्षी ताराचंदचा, घरच्या थोरल्या नातवाचा. तो हात पुढे करून उभाही होता. विमलाबाईनं ताट रुखमापुढे धरलं. रुखमानं लाडू घेतला, मग विमलाबाई ताट तसंच हातात धरून वासुदेवरावांकडे वळली.

"आपला ताराचंद मागल्या महिन्यात माह्यावर काडी उगारून आला होता," ती म्हणाली. आवाज रोजचाच होता, भाजीत मीठ आहे का विचारावं तसा. "मी कोनाले नाई सांगतलं. मले वाटलं, घरी पाहून शिकला. शाळेत शिकला हे आज समजलं."

'घरी पाहून' या दोन शब्दांवर आत्याबाईंनी मान खाली घातली. चौदा वर्षांत त्या शब्दांचा अर्थ माहीत नसलेलं घरात कोणी नव्हतं. आणि कोणी तो उच्चारलाही नव्हता, कोकिळेनंसुद्धा नाही. लेकरांच्या हातातल्या काडीसाठी एवढी पेटून उठणारी कोकिळा रोज त्या बाईच्या शेजारी भाकरी थापत होती, आणि तिच्या दंडावरचे वळ पाहून नजर वळवत होती. तिला स्वतःची शरम वाटली.

"तू आत जाय," वासुदेवराव दातांवर दात ठेवून म्हणाले.

विमलाबाई आत गेली नाही. तिनं ताट खाली ठेवलं आणि कोकिळेच्या शेजारी उंबऱ्यावर बसली.

"सकाळी किती वाजता बसवतं पोरांले?" तिनं जावेला विचारलं. "ताराचंदलेही पाठवतो. त्याची तुराटी मी काढून घेतली हाय. चुलीले कामात येईन."